पहिल्या बोनची पाळी

गेलेली माणसं घरी येतात त्या बोनच्या सणाचे दिवस संपले, त्याच्या दुसऱ्या सकाळी तोकुजी सगळ्यांच्या आधी खोदकामावर पोचला आणि त्याला खड्ड्यात पाणी दिसलं.

आधी त्याला ते पाणी वाटलंच नाही. निळ्या ताडपत्र्या जिथे अंथरल्या होत्या तिथे नव्हत्या. त्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या होत्या आणि बाकी सगळीकडे नुसतं आभाळ होतं. मग काठावरून एक बेडूक टुपकन आत गेला आणि ते आभाळ हललं. तोकुजी होता तिथेच खाली बसला.

खड्डा त्याच्याच शेतात होता. मागच्या वर्षी नव्या रस्त्यासाठी सरकारने ते घेतलं होतं. रस्ता करण्याआधी जमीन खोदून बघायची असा नियम आहे, म्हणून खोदलं. आणि त्याच्या भातशेताच्या खाली, वाळूच्या जाड थराखाली, दुसरं भातशेत निघालं. दोन हजार वर्षांपूर्वीचं. छोटे छोटे वाफे, वीतभर रुंदीचे बांध, सगळं जागच्या जागी. तेव्हा कधीतरी नदी चढली होती आणि तिने शेतावर वाळू ओतली होती. ज्यांचं शेत होतं त्यांचं त्या वर्षी काय झालं असेल ते कोणाला माहीत नाही, पण त्या वाळूमुळे शेत टिकलं. चिखलात उमटलेली माणसांची पावलंसुद्धा टिकली. आतली वाळू हलक्या हाताने काढली की पाऊल दिसायचं, बोटांसकट.

गावातली म्हातारी माणसं या कामाला जात. तोकुजी जाई, त्याची बायको सुमिए जाई. पावलं पहिल्यांदा सुमिएला सापडली, मे महिन्यात. लहान पावलं होती, बाईची असावीत, आणि टाचा खोल रुतलेल्या होत्या. अंगावर काहीतरी ओझं घेऊन ती बाई उत्तरेकडे, पाटाच्या दिशेने चालली होती. सुमिए फळीवर पालथी पडून बांबूच्या चपट्या काडीने एकेका बोटामधली वाळू काढायची. दिवस दिवस तेच.

"दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईचे पाय धुतेस," तोकुजी म्हणायचा, "माझे कधी धुतलेस?"

"तिचे तुमच्यापेक्षा स्वच्छ आहेत," सुमिए म्हणायची.

घरी जेवतानाही तिला तेच. कुठे निघाली असेल हो ही? पाठीवर काय असेल, मूल की भाताची पेंढी? पुढच्या आठवड्यात पाटाजवळचं उघडलं की कळेल. तोकुजी म्हणायचा, आधी जेव. जून उजाडला आणि एका सकाळी सुमिए न्हाणीघरात पडली ती उठली नाही. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. पाटाजवळचं उघडायचं राहिलं. तिने उघडलेली पावलं ओल्या कापडाने आणि ताडपत्रीने झाकून ठेवली. त्यांचे प्लास्टरचे साचे घेणारी माणसं प्रांताच्या कचेरीतून यायची होती, आणि त्यांना बोननंतरचीच तारीख मिळाली होती.

तीच तारीख आता तीन दिवसांवर होती.

नागासे नावाची तिशीची बाई या खोदकामाची प्रमुख होती. ती गाडीतून उतरली आणि काठापर्यंत आली. तोंडावर हात ठेवून उभी राहिली. मग पळत जाऊन तिने पंप बघितला. पंप गाळाने तुंबून बंद पडला होता.

"पाऊस तर पडलाच नाही," ती म्हणाली. "तोकुजीसान, पाणी आलं कुठून?"

तोकुजीने पाटाकडे बोट दाखवलं. उपसलेल्या मातीचा ढीग होता त्याच्या मागे पाटातून शेतात पाणी घ्यायची जुनी मोरी होती. मोरीची फळी वर ओढलेली होती. पाण्याने आत येताना वाळूत नाली पाडली होती, सरळ खड्ड्यापर्यंत.

माणसं आली तशी एकेक जण बूट चढवून आत उतरली. दुसरा पंप मागवला. बादल्या, डबे, मोठे स्पंज, हाताला लागेल ते घेऊन सगळे पाणी काढू लागले. मासुए नावाची बाई सुमिएची जुनी मैत्रीण. ती एरवी एक मिनिट गप्प बसत नसे, पण त्या दिवशी तीही मुकाट्याने स्पंज पिळत होती. दुपारी पाणी हटलं. खाली राखाडी लगदा होता. बांध वितळले होते. पावलं होती तिथे काहीच नव्हतं. तोकुजी फळीवर पालथा झाला, सुमिए व्हायची तसा, आणि लगद्यावरून बोट फिरवत राहिला. बोट जाईल तिथे नवी रेघ उठत होती, म्हणून त्याने बोटही काढून घेतलं.

तेवढ्यात योहेई आला. योहेई म्हणजे शेजारच्या शेताचा मालक, तोकुजीच्या वर्गातला. टोपी हातात घेऊन तो काठावर उभा राहिला.

"फळी मी काढली," तो म्हणाला.

सगळे हात थांबले.

"तुझ्या घरी पहिलं बोन होतं, तोकु. तुझी पाळी मी धरली. पहाटे पाणी आलं. आधी मोठ्या शेताची फळी काढली, मग चिंचोळ्याची, मग ही. जन्मभर याच क्रमाने काढत आलोय. ढिगामागून खड्डा दिसलाच नाही. हात गेला आणि फळी वर आली."

ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं, त्या घरच्याने बोनच्या दिवसांत पाटावर जायचं नाही. दारावर पांढरा कंदील लावायचा, मेलेलं माणूस पहिल्यांदा घरी येणार असतं त्याच्यासाठी घरात बसायचं, आणि पाण्याची पाळी शेजाऱ्याने करायची. गावात हे असंच चालत आलेलं. पाणी दिलं त्याच दिवशी संध्याकाळी योहेई तोकुजीकडे आला होता. सुमिएच्या फोटोपुढे उदबत्ती लावून म्हणाला होता, पाण्याची काळजी करू नकोस, तुझ्या सगळ्या शेतांना दिलंय. आणि तोकुजीने चटईला कपाळ टेकवून त्याचे आभार मानले होते. साकेसुद्धा पाजली होती. त्या वेळी इथे पावलं विरघळत होती.

"स्वतःच्या शेताच्या फळ्या विसरतोस," मासुए ओरडली, "बायकोला मागनं धावावं लागतं. आणि दुसऱ्याची एकही विसरला नाहीस! मेल्या, एक दिवस तरी विसरायचं होतंस!"

"विसरायला हवं होतं," योहेई म्हणाला.

तोकुजीला त्याला शिव्या द्यायच्या होत्या. शिवी तोंडात येईना. काय म्हणून देणार? माझ्या बायकोच्या बोनला माझं काम केलंस म्हणून? तो उठला, डब्यातलं गढूळ पाणी त्याने नालीत ओतलं आणि परत भरायला वाकला.

संध्याकाळी नागासेने त्याला बाजूला घेतलं. तिचे डोळे सुजले होते.

"उघडलेली गेली," ती म्हणाली. "वरून काढलेले फोटो आहेत, पण कच्चे. खोलीची मापं साच्यांवरूनच घेणार होते. मी साच्यांसाठी थांबायलाच नको होतं."

"आणि न उघडलेली?"

तिलाही तेच म्हणायचं होतं. "ज्यांच्यात अजून वाळू आहे ती टिकली असणार. पाटाच्या बाजूची पट्टी. पण पाट वाहतोय तोवर तिथे खोदता येत नाही. हात घातला की खालून पाणी चढतं. आणि शनिवारी जागा ठेकेदाराच्या ताब्यात जाते. मी मुदत मागितली, नाही म्हणाले."

"पाट बंद केला तर?"

"एक दिवस मिळाला तरी पुष्कळ. पण आत्ता कोण बंद करेल, तोकुजीसान? तुम्हीच सांगा."

त्याला सांगायची गरज नव्हती. भात निसवायला लागलं होतं. या दिवसांत मुळाशी पाणी नसलं तर लोंब्या पोचट राहतात, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

तरी तो दुसऱ्या दिवशी गावच्या सभागृहात गेला. पाण्याच्या पाळ्या ठरवणारी मंडळी तिथे जमली होती. पाटकरी होता हिराता, अंगाने आडवा आणि बोलायला तुटक. तोकुजीने त्याच्यापुढे चटईवर गुडघे टेकले आणि एक दिवस मागितला.

"भात निसवतंय," हिराता म्हणाला.

"माहीत आहे."

"तुझंही निसवतंय."

"माझं वाळू दे."

"तुझं वाळेल, आमचंही वाळेल," खिडकीजवळून कोणीतरी म्हणालं. "दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या बाईसाठी आमचं भात वाळवायचं?"

"हो," तोकुजी म्हणाला.

दोघेचौघे हसले. हसू लगेच विझलं, कारण तोकुजी हसत नव्हता.

"सुमिएसाठी म्हण की सरळ," हिराता म्हणाला.

"सुमिएसाठी." तोकुजीने कपाळ चटईला टेकवलं आणि तो तसाच राहिला. "तिचं सगळं झालेलं आहे. लोणचं घालून ठेवलंय, माझे हिवाळी कपडे धुऊन ठेवलेत. घरात शोधतो मी, काहीतरी अर्धं सापडेल म्हणून. नाही सापडत. हे एवढंच राहिलंय. ती बाई कुठे गेली ते तिला बघायचं होतं. मला दुसरं काही करता येत नाही तिच्यासाठी. एक दिवस द्या."

कोपऱ्यातला पंखा फिरत होता. एका म्हाताऱ्याने नाक शिंकरलं. पण शेतकऱ्याचं मन कितीही भरून आलं तरी त्याचं भात शेतातच उभं असतं. हिराताने मान हलवली. "नाही जमायचं, तोकु. माझ्या एकट्याचं असतं तर दिलं असतं."

"माझी पाळी परवा आहे," योहेई दारातून म्हणाला. तो आत आलाच नव्हता. "परवाचं पाणी माझ्या एकट्याचं. मी घेत नाही. पाटाचा वरचा दरवाजा बंद ठेवा."

"पुढची पाळी तुला दहा दिवसांनी येईल," हिराता म्हणाला. "तोवर तुझं जळून जाईल, वेड्या."

"जाऊ दे. फक्त माझ्या बायकोला तुमच्यापैकी कोणीतरी सांगा. मी सांगायला गेलो तर ती मला पाटात बुडवेल आणि पाटातही पाणी नसेल."

यावर मात्र सगळे हसले. हिराताही हसला. मग त्याने बोट उगारलं. "सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. नंतर दरवाजा उघडणार, आत कोणी असो नसो. आणि पाटाच्या बांधाला हात लावायचा नाही. बांध फुटला तर खालचं सगळं गाव जाईल."

तोकुजी घरी जाऊन आडवा झाला, पण त्याला झोप लागली नाही. योहेईचे त्याने आभार मानले नव्हते. मानता आले नव्हते.

ठरलेल्या दिवशी उजाडताना पाट आटला. तळाशी चिखलात लहान मासे तडफडत होते आणि बगळे उतरले होते. नागासे, तोकुजी, मासुए आणि बाकीचे खोदणारे पट्टीत उतरले. योहेईही आला. त्याला या कामाची सवय नव्हती, म्हणून त्याला वाळूच्या बादल्या वाहायला लावलं.

"सांडलंस तर बघ," मासुए म्हणाली. "तुझ्या हाताला पाणी लागतं म्हणून लांब ठेवलंय."

तो बादल्या नेत राहिला.

वरची जाड वाळू दुपारपर्यंत गेली. मग फळ्या टाकून, पालथं पडून, काडीने काम. ऊन पाठीवर चटके देत होतं. घामाचा थेंब चिखलावर पडू नये म्हणून सगळ्यांनी कपाळाला पंचे बांधले होते. तोकुजीला भूक नव्हती. मासुएने त्याच्या तोंडात भाताचा गोळा कोंबला तेवढाच.

"आहे," नागासे म्हणाली.

राखाडी चिखलात पिवळ्या वाळूचा एक लांबट डाग होता. टाचेकडे गोल, पुढे पसरट. तोकुजीने काडी घातली. वाळू सुटी होत आली आणि एकेक बोट मोकळं झालं. डावं पाऊल. टाच खोल. तीच बाई. त्याने काडी पुसली आणि काम चालू ठेवलं.

पुढचा डाग थोडा पुढे असायला हवा होता. तो तिथे नव्हता. तो पहिल्याच्या शेजारी होता, अगदी खेटून. उजवं पाऊल, तेवढंच खोल, आणि बोटं चिखलात घट्ट रोवलेली.

"थांबली," नागासे हळूच म्हणाली. "इथे दोन्ही पाय जोडून उभी राहिली ती."

"कशासाठी?"

"नाही सांगता येत. ओझं सारखं केलं असेल. कोणी हाक मारली असेल."

"पाणी येताना दिसलं असेल," योहेई म्हणाला. तो बादली घेऊन वर उभा होता. मग त्याने जीभ चावली.

तोकुजी त्या दोन पावलांकडे बघत राहिला. पुढे बघायला हवं होतं. उभी राहिली, आणि मग? परत फिरली की पुढे गेली? डाव्या उजव्या बाजूला त्यांनी हात हात उकरलं. परत येणारं पाऊल नव्हतं. पुढे जाणारं पाऊल असलं तर ते पाटाच्या बांधाखाली होतं. वाळूचा पिवळा थर बांधाखाली शिरताना स्पष्ट दिसत होता.

साच्यांची माणसं आली होती. त्यांनी पावलांत प्लास्टर ओतलं. ओल चढत होती, म्हणून ते लवकर आळेना. सूर्य डोंगराच्या कडेला टेकला. वरच्या अंगाला, दरवाज्यापाशी, हिराताची टोपी दिसली.

तोकुजीने फावडं उचललं आणि बांधावर घाव घातला.

"तोकुजीसान!"

त्याने दुसरा घातला. गवताचं ढेकूळ सुटून खाली आलं. आत, हातभर आत, ती कुठेतरी पाय उचलून गेली होती. एवढंच अंतर. त्याने तिसरा घाव घातला, चौथा घातला. नागासेने त्याचा सदरा धरला, तो फाटला. "हातभर," तो ओरडत होता, "हातभर फक्त, मी परत भरतो, मी रात्रभर बसून भरतो, सोडा मला!"

योहेईने बादली टाकली, धावत आला आणि बांधाला पाठ लावून उभा राहिला. फावडं वर होतं.

"मला मार," तो म्हणाला. "मला मार तोकु, मी राहतो उभा. बांध नको. खाली सगळ्यांची शेतं आहेत. उद्या गावात तुझं तोंड कोणी बघणार नाही, आणि मग तू काय करशील रे घरात एकटा?"

तोकुजी त्याच्याकडे बघत होता. योहेईच्या मिशीत वाळू अडकली होती. वर्गात असल्यापासून हा माणूस त्याच्या शेजारी होता. त्याच्याइतका राग तोकुजीला जगात कोणाचा आला नव्हता, आणि या गावात आज त्याच्यासाठी ज्याचं भात जळणार होतं तोही हाच होता. फावडं खाली आलं, पण बाजूच्या चिखलात. तो गुडघ्यांवर बसला आणि मोठ्याने रडायला लागला. सुमिएच्या अंत्यविधीला तो रडला नव्हता. हाडं गोळा करतानाही नव्हता.

मासुएने बांधाचं सुटलेलं ढेकूळ परत जागेवर ठेवलं आणि बुटाने दाबून बसवलं. "उठा आता," ती म्हणाली. "प्लास्टर काढायचंय. भिजलं तर तेही जाईल."

तो उठला. सगळ्यांनी मिळून साचे उचलले. डाव्या पायाचा अख्खा निघाला. उजवा अर्धवट आळला होता, तो टाचेपाशी तुटला. बोटं हाती आली. मग वरून पाण्याचा आवाज ऐकू आला. पाट भरला आणि थोड्या वेळाने पट्टीतही खालून पाणी चढलं.

शनिवारी जागा ठेकेदाराकडे गेली. पुढच्या उन्हाळ्यात रस्ता झाला आणि पाट रस्त्याखालच्या नळातून पलीकडे नेला. नागासेने खोदकामाचा अहवाल लिहिला. त्यात त्या बाईच्या दोन पावलांचा उल्लेख आहे आणि ती उत्तरेकडे तोंड करून उभी होती असं म्हटलं आहे. तोकुजी आणि योहेई एकमेकांशी बोलतात, पाण्यापुरतं.

ती बाई तिथून पुढे कुठे गेली ते बघायचं राहिलं आहे. पाटाखालची वाळू कोणी काढलेली नाही.